सायकल मार्गांची लांबी आणि सायकलस्वाराची सुरक्षितता : पुणे शहराच्या अनुभवाची चिकित्सा

प्रस्तावना

'सायकलींचे शहर' ही पुण्याची ओळख एकेकाळी सर्वपरिचित होती. कारखान्यांच्या पाळ्या, महाविद्यालयांचे तास, पेठांतील दुकाने आणि कचेऱ्या यांचे रोजचे वेळापत्रक सायकलच्या वेगाशी जुळलेले होते. आज त्याच रस्त्यांवर स्वयंचलित दुचाकी आणि मोटारी यांचे वर्चस्व आहे. हा बदल केवळ लोकांच्या आवडीनिवडीतून झाला असे मानणे सोयीचे असले तरी ते पुरेसे नाही. ज्या रस्त्यावर सायकल चालविणे धोक्याचे वाटते त्या रस्त्यावरून सायकल हळूहळू नाहीशी होते, आणि ती नाहीशी झाली की तिच्यासाठी जागा राखण्याचे कारणही उरत नाही. हे दुष्टचक्र तोडण्यासाठी पुण्यात २००६ पासून सायकल मार्ग बांधले गेले. परंतु त्या मार्गांच्या शेजारूनच, मुख्य रस्त्यावरील वाहनांच्या गर्दीतून, सायकलस्वार जाताना दिसतो.

या विसंगतीचे नेहमी दिले जाणारे स्पष्टीकरण म्हणजे नागरिकांची बेशिस्त, फेरीवाल्यांचे अतिक्रमण आणि वाहने उभी करण्याची सवय. या गोष्टी खोट्या नाहीत. मात्र त्या परिणाम आहेत, मूळ कारण नव्हेत. सायकल मार्गाचा विचार 'किती किलोमीटर बांधले' या मापाने झाला, तर सायकलस्वाराची सुरक्षितता ठरते ती चौकात आणि शेजारून जाणाऱ्या वाहनाच्या वेगात. मोजमाप एका ठिकाणी आणि धोका दुसऱ्याच ठिकाणी, ही या प्रयत्नांतील मूलभूत त्रुटी आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

धोरणात्मक पार्श्वभूमी

डिसेंबर २००५ मध्ये जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान सुरू झाले आणि २००६ मध्ये राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण जाहीर झाले. वाहने नव्हे तर माणसे हलविणे हा या धोरणाचा गाभा होता. त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यात सातारा रस्ता आणि हडपसर या दिशांना जलद बस वाहतुकीचा प्रायोगिक टप्पा सुरू झाला. बससाठी स्वतंत्र मार्गिका आणि तिच्या जोडीने पदपथ व सायकल मार्ग अशी या रस्त्यांची कल्पना होती. पुढे २०१६ मध्ये शहरी रस्ता रचनेची मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने सर्वंकष सायकल आराखड्यास मान्यता दिली. त्यात आठशे किलोमीटरहून अधिक लांबीचे जाळे प्रस्तावित होते.

२०१७ चा आराखडा हा भारतीय शहरांच्या दृष्टीने महत्त्वाचा दस्तऐवज आहे. सुटे तुकडे नव्हे, तर शहरभर जोडलेले जाळे हवे हे तत्त्व त्याने स्वीकारले. सायकलतळ आणि सार्वजनिक सायकल सेवा यांचा विचारही त्याच चौकटीत केला. मात्र त्याच सुमारास सुरू झालेल्या भाड्याच्या सायकलींचे काय झाले हे पाहणे उद्बोधक ठरते. २०१७ च्या अखेरीपासून ॲपवर चालणाऱ्या अनेक कंपन्यांच्या सायकली शहरात आल्या. त्यांपैकी 'ओफो'ने २०१८ मध्येच भारतातून काढता पाय घेतला आणि पुढील काळात हा प्रयोग बहुतांशी विरून गेला. चोऱ्या, मोडतोड आणि व्यवसायाचे कोलमडलेले गणित ही त्याची तात्कालिक कारणे होती. परंतु सायकल उपलब्ध झाली तरी ती चालविण्याजोगा सलग रस्ता आधी तयार नव्हता, ही बाब त्या चर्चेत दुय्यम राहिली. साधन आधी आणि रस्ता नंतर, असा उलटा क्रम येथे दिसतो.

वेग : धोक्याचे खरे माप

सायकलस्वाराभोवती लोखंडी कवच नसते. त्यामुळे धडकेच्या क्षणी समोरच्या वाहनाचा वेग किती आहे यावरच त्याचे भवितव्य ठरते. येथे शालेय भौतिकशास्त्र पुरेसे आहे. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात ८.३ मीटर अंतर कापते, तर ताशी ५० किलोमीटर वेगाचे वाहन १३.९ मीटर. चालकास धोका लक्षात येऊन ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो असे धरू. कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागल्यास पहिले वाहन सुमारे १३ मीटरमध्ये पूर्ण थांबते. त्याच अंतरावर दुसऱ्या वाहनाच्या चालकाचा पाय अजून ब्रेकवर पोहोचलेलाही नसतो. ते पूर्ण वेगाने धडकते. शिवाय गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने त्या धडकेची ऊर्जा पहिल्या वाहनाच्या मूळ ऊर्जेच्या पावणेतीन पटींहून अधिक असते.

याच कारणास्तव फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथे झालेल्या जागतिक मंत्रिस्तरीय परिषदेच्या जाहीरनाम्यात, जेथे पादचारी व सायकलस्वार वाहनांत मिसळतात तेथे वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटर असावी असा आग्रह धरण्यात आला. नेदरलँड्समध्ये हेच तत्त्व रस्ता रचनेचा पाया मानले जाते. वेग कमी असेल तेथे सायकल व मोटार एकत्र चालतील. वेग जास्त असेल तेथे त्यांना भौतिकदृष्ट्या वेगळे केले जाईल. म्हणजेच सायकल मार्ग हवा की नको हा प्रश्न शोभेचा किंवा हौसेचा नसून वेगाशी निगडित आहे.

या कसोटीवर पुण्यातील निर्णय तपासण्याजोगे आहेत. जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता यांसारखे समांतर रस्ते एकेरी करण्यात आले. एकेरी वाहतुकीमुळे समोरून येणारी वाहने नाहीशी होतात आणि मोकळ्या वेळी वेग वाढतो. सायकलस्वाराला मात्र वळसा पडतो, व तो वळसा त्याला इंजिनाने नव्हे तर पायांनी भरून काढावा लागतो. जंगली महाराज रस्त्यावर नंतरच्या पुनर्रचनेत रुंद पदपथ आणि सायकल मार्ग आले, हे स्वागतार्हच होय. परंतु एकेरी वाहतुकीचा निर्णय घेताना सायकलींना उलट दिशेने सुरक्षित मुभा देणारा विरुद्ध-दिशा सायकल मार्ग, जो युरोपातील अनेक शहरांत रूढ आहे, आपल्याकडे नियमाचा भाग बनला नाही. परिणामी जो सायकलस्वार जवळच्या वाटेने उलट जातो तो बेशिस्त ठरतो आणि ज्या रचनेने त्याला तसे करण्यास भाग पाडले ती चर्चेबाहेर राहते.

दोन चौकांमधील मार्ग

आता प्रत्यक्ष बांधलेल्या मार्गांकडे वळू. शहरातील बरेच सायकल मार्ग पदपथाच्या पातळीवर किंवा त्याला लागून, पेव्हर ब्लॉक बसवून केलेले आहेत. सायकलच्या बारीक, टणक टायरला ठोकळ्यांचा प्रत्येक सांधा जाणवतो. शेजारच्या डांबरी रस्त्यावर मात्र तीच सायकल कमी श्रमात पळते. दर काही मीटरवर इमारतीचे प्रवेशद्वार येते आणि तेथे मार्ग खाली उतरून पुन्हा वर चढतो. वस्तुतः पदपथ व सायकल मार्ग यांची पातळी कायम ठेवून मोटारीने चढून-उतरून जावे, ही सुरक्षित रचना होय. त्यामुळे मोटारीचा वेग आपोआप कमी होतो आणि अग्रक्रम कोणाचा हे डोळ्यांना दिसते. याखेरीज मध्येच येणारा विजेचा डीपी, झाडाचे आळे, चेंबरचे झाकण, बसथांबा या गोष्टी आहेतच. बसथांब्याच्या मागून सायकल मार्ग वळवून नेणे शक्य असते. तसे न केल्यास उतरणारा प्रवासी आणि सायकलस्वार एकमेकांवर येतात.

रुंदीचा प्रश्नही असाच आहे. सायकलचे हँडल सुमारे ६० सेंटिमीटर रुंद असते. परंतु सायकल सरळ रेषेत चालत नाही, तोल राखताना ती किंचित डोलते. म्हणून एका सायकलस्वाराला सुमारे एक मीटर, आणि एकाने दुसऱ्यास ओलांडायचे असेल तर दोन मीटर मोकळी जागा लागते. दुधाचे कॅन, वर्तमानपत्रांचे गठ्ठे किंवा मालाची तीनचाकी घेऊन जाणाऱ्यास त्याहून अधिक. दोन्ही बाजूंना कठडे असलेला सव्वा मीटरचा मार्ग कागदावर सायकल मार्ग असला तरी व्यवहारात तो अडकवणारा बोळ ठरतो.

स्वयंचलित दुचाकींनी सायकल मार्गात शिरणे ही तर पुण्याची खास अडचण. तिच्यावर उपाय म्हणून तोंडाशी बोलार्ड उभे केले जातात. पण स्कूटरची रुंदी सायकलहून फार वेगळी नसते. सायकलला सहज जाऊ देईल आणि स्कूटरला अडवील असे अंतर जवळजवळ नाहीच. अंतर कमी केले तर मालवाहू तीनचाकी आणि अपंगांची तिचाकी बाहेर राहते, वाढवले तर स्कूटर आत येते. म्हणजे बोलार्ड हे मूळ उत्तर नव्हे. कोंडीच्या वेळी दुचाकीला सायकल मार्गाचे आकर्षण वाटते ते तो पुढे मोकळ्या रस्त्याला मिळतो म्हणून. मार्ग चौकाशी सायकलींच्या स्वतंत्र थांबारेषेपाशी जाऊन मिळत असेल आणि तेथे नियमाची अंमलबजावणी सातत्याने होत असेल, तर ते आकर्षण बरेचसे कमी होऊ शकते.

चौक : जेथे मार्ग संपतो

येथे आपण प्रश्नाच्या केंद्राशी येतो. दोन चौकांमध्ये सर्वांची दिशा एक असते, तर चौकात दिशा एकमेकींना छेदतात. म्हणून संघर्षाचे बिंदू चौकात एकवटतात. आपले सायकल मार्ग मात्र नेमके चौकाच्या अलीकडे संपतात आणि पलीकडे पुन्हा सुरू होतात. किलोमीटरच्या हिशेबात ही तूट नगण्य असते. सुरक्षिततेच्या हिशेबात मात्र तीच सर्वस्व असते.

आपल्या देशात वाहने डावीकडून चालतात आणि सायकलस्वार रस्त्याच्या डाव्या कडेने जातो. त्याला सरळ पुढे जायचे असते व त्याच्या उजवीकडील बस किंवा डंपरला डावीकडे वळायचे असते. वळताना लांब वाहनाची मागील चाके पुढील चाकांच्या मार्गावरून जात नाहीत. ती आतल्या बाजूने, कडेच्या अगदी जवळून फिरतात. नेमकी तेथेच सायकल असते. उंच केबिनमधील चालकाला डावीकडील त्या पट्ट्यातील सायकल आरशात दिसेलच असे नाही. या अपघातात कोणी बेफिकीर असण्याची गरज नसते. चौकाची रचनाच दोघांना एका बिंदूवर आणते.

'फ्री लेफ्ट' या आपल्या परिचित व्यवस्थेने हा धोका वाढविला आहे. सिग्नल लाल असतानाही डावीकडे न थांबता वळता यावे यासाठी चौकाचा कोपरा मोठ्या त्रिज्येने गोलाकार केला जातो. त्रिज्या जितकी मोठी, तितका वळण्याचा वेग जास्त. पादचाऱ्याला आणि सायकलस्वाराला या न थांबणाऱ्या प्रवाहातून वाट काढावी लागते. वाहतूक सुरळीत करण्याच्या हेतूने केलेली ही सोय दुर्बल घटकाच्या जिवावर उभी आहे, असे म्हणावे लागते.

यावर रचनात्मक उपाय अज्ञात नाहीत. कोपऱ्याची त्रिज्या लहान करणे, म्हणजे वाहन सावकाश वळेल. सायकल मार्ग उंच पातळीवरून सलगपणे चौक ओलांडील असा ठेवणे. सायकलींची थांबारेषा मोटारींच्या पुढे आखणे, जेणेकरून त्या चालकाच्या नजरेसमोर उभ्या राहतील. मोठ्या चौकात सायकलींना काही सेकंद आधी किंवा स्वतंत्र हिरवा दिवा देणे. आणि कोपऱ्यावर छोटे बेट ठेवून वळणारे वाहन सायकलसमोर जवळजवळ काटकोनात येईल अशी योजना करणे. यांपैकी बहुतेक उपायांना सायकल मार्गाच्या एका किलोमीटरहून बराच कमी खर्च येऊ शकतो. परंतु ते पूर्ण झाले म्हणून 'इतके किलोमीटर' असे सांगता येत नाही.

स्पेनमधील सेव्हिल शहराचे उदाहरण येथे बोलके आहे. तेथे २००६ ते २०१० या काळात सुमारे १२० किलोमीटरचे परस्परांशी जोडलेले, वाहनांपासून वेगळे केलेले जाळे थोड्या अवधीत उभारले गेले आणि एक टक्क्याहूनही कमी असलेले सायकल फेऱ्यांचे प्रमाण काही वर्षांत सहा-सात टक्क्यांच्या आसपास पोहोचले. पुण्यातील प्रस्तावित जाळे याहून कितीतरी मोठे आहे. दोहोंतील फरक लांबीचा नसून सलगतेचा आहे.

पेठांचा प्रश्न

अरुंद रस्त्यांवर सायकल मार्गाला जागा कोठून आणणार, हा आक्षेप पेठांच्या संदर्भात वारंवार घेतला जातो. तो चुकीच्या गृहीतकावर उभा आहे. कसबा, शनिवार किंवा नारायण पेठेतील गल्लीबोळांत स्वतंत्र मार्गाची गरजच नाही; गरज आहे ती तेथून वेगाने आरपार जाणाऱ्या वाहतुकीला आळा घालण्याची. नेदरलँड्समधील डेल्फ्ट शहरात १९६० च्या दशकाच्या अखेरीस निवासी गल्ल्यांमध्ये पादचारी, खेळणारी मुले, सायकली व मोटारी एकाच पातळीवर सावकाश चालतील अशी रचना करण्यात आली आणि १९७६ मध्ये तिला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. आपल्या पेठांची जुनी बांधणी मुळातच या प्रकारची आहे. काही गल्ल्या मोटारींसाठी एका टोकाशी बंद करून सायकली व पादचाऱ्यांसाठी खुल्या ठेवल्या, तर फार मोठ्या बांधकामाविना शांत रस्त्यांचे एक जाळे मिळू शकते.

काही आक्षेप

स्वतंत्र मार्गांनाच विरोध करणारी एक विचारसरणी आहे. अमेरिकेतील जॉन फॉरेस्टर यांनी १९७० च्या दशकात असा युक्तिवाद मांडला की सायकलस्वाराने स्वतःस वाहनचालक समजून मुख्य प्रवाहातूनच चालावे. वेगळे मार्ग त्याला दुय्यम ठरवितात. चौकातील संघर्षाबद्दल त्यांनी दाखविलेली सावधगिरी रास्त होती. पण हा सल्ला धडधाकट, अनुभवी व वेगवान सायकलस्वारालाच लागू पडतो. शाळेत जाणारी मुलगी, साठी ओलांडलेला गृहस्थ किंवा रात्रपाळी संपवून परतणारा सुरक्षारक्षक यांनी ट्रकच्या बरोबरीने मधल्या मार्गिकेतून जावे, ही अपेक्षा अवास्तव आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला सायकललाच रस्त्यावरून हटविण्याची भूमिका आहे. कोलकात्यात २०१३ मध्ये १७४ रस्त्यांवर सायकलींना बंदी करण्यात आली. सुरक्षितता आणि वाहतुकीचा वेग ही त्यामागील कारणे सांगितली गेली. धोका निर्माण करणारा तसाच ठेवून धोक्यात असणाऱ्यास दूर करणे, असे या उपायाचे स्वरूप आहे. पुण्यात अशी सरसकट बंदी नाही. तथापि चौकात अदृश्य होणारा सायकल मार्ग व्यवहारात तोच परिणाम हळूहळू साधतो.

हे सर्व ज्यांच्यावर बेतते ते कोण, हेही ध्यानात घ्यावयास हवे. सायकल आराखड्यांच्या चर्चेत सकाळी व्यायामासाठी बाहेर पडणारा सायकलपटू अधिक दिसतो, कारण तो सभांना येतो आणि निवेदने देतो. बांधकाम मजूर, वृत्तपत्रविक्रेते, कारखान्यातील कंत्राटी कामगार हे मात्र सायकल आवडीने नव्हे, गरजेने चालवितात. पहाटे आणि रात्री, अपुऱ्या उजेडात चालवितात. त्यांच्या कामाच्या ठिकाणांपर्यंत जाळे पोहोचते का, ही आराखड्याची खरी परीक्षा होय.

आकडेवारी आणि उत्तरदायित्व

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांतील सायकलस्वारांचा वाटा पादचारी व दुचाकीस्वारांच्या तुलनेत लहान दिसतो. यावरून सायकल सुरक्षित झाली असा निष्कर्ष काढणे घातक ठरेल. रस्त्यावर सायकलीच कमी झाल्या तर मृत्यूही कमी दिसतात. छेद ठाऊक नसताना केवळ अंश पाहून काढलेला हा निष्कर्ष होय. २००३ मध्ये जेकबसेन यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सायकलस्वारांची संख्या दुप्पट झाल्यास प्रत्येकाचा वैयक्तिक धोका सुमारे एक तृतीयांशाने घटतो असा संबंध आढळला होता. संख्येमुळे सुरक्षितता वाढते की सुरक्षिततेमुळे संख्या, हा वाद त्यावर होऊ शकतो. पण संख्या मोजल्याविना धोका मोजता येत नाही, एवढे त्यातून निश्चित होते.

कायद्याची दृष्टी कोणाकडे वळलेली आहे, हाही विचारणीय मुद्दा आहे. पूर्वी दिव्याविना किंवा डबलसीट जाणाऱ्या सायकलस्वारास पोलीस अडवीत. नियमाचा रोख सायकलस्वाराकडे होता. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीत दोन वेगवेगळ्या दिशा आढळतात. कलम १३८ मधील नवे पोटकलम बिगरयांत्रिक वाहने व पादचारी यांच्या वावराचे नियमन करण्यासाठी राज्यांना नियम करण्याचा अधिकार देते. कलम १९८-अ मात्र रस्त्याची रचना, बांधकाम व देखभाल करणाऱ्यांनी विहित मानके न पाळल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करते. दंडाची रक्कम जिवाच्या मोलाने अल्प असली तरी अपघाताचे कारण रचनेतही असू शकते हे येथे विधिमंडळीय भाषेत मान्य झाले आहे, आणि हा बदल दूरगामी आहे. अपघाताच्या पंचनाम्यात चौकाच्या कोपऱ्याची त्रिज्या, उजेड आणि सायकल मार्गाची सलगता यांची नोंद झाली, तरच हे कलम जिवंत राहील.

नेदरलँड्सचा दाखला देताना तेथेही हे आपोआप घडले नाही हे विसरता कामा नये. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात तीन हजारांहून अधिक माणसे रस्त्यांवर मरण पावली व त्यांत चारशेहून अधिक मुले होती. पालकांच्या आंदोलनातून आणि १९७३ च्या तेलसंकटातून तेथील धोरण वळले. आणि आजही प्रश्न संपलेला नाही : २०२२ मध्ये तेथे २९१ सायकलस्वार मृत्यू पावले, त्यांत वृद्धांचे प्रमाण मोठे होते. सुरक्षित रचना ही एकदा बांधून संपणारी वस्तू नसून सतत तपासत राहण्याची पद्धत आहे, हा त्यातील बोध आहे.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. सायकल मार्गांच्या प्रगतीचे माप किलोमीटरऐवजी सुरक्षितपणे ओलांडता येणाऱ्या सलग चौकांच्या संख्येत घ्यावे. वेगवान रस्त्यांवर विलगीकरण आणि पेठांसारख्या भागांत वेगनियंत्रण, असे दुहेरी धोरण असावे. फ्री लेफ्टचा प्रत्येक चौकात पुनर्विचार व्हावा. आणि मार्ग निवडताना गरजेने सायकल चालविणाऱ्यांच्या वेळा व ठिकाणे आधी पाहावीत.

यात महाविद्यालयांनाही निश्चित कार्य आहे. आपल्या प्रवेशद्वारालगतच्या चौकातून सकाळी ७ ते ९ आणि सायंकाळी ५ ते ७ या वेळांत किती सायकली जातात, कोणत्या दिशेने वळतात, सायकल मार्ग असूनही किती जण मुख्य रस्ता निवडतात व का निवडतात, याची दरवर्षी एकाच पद्धतीने नोंद ठेवणे भूगोल, संख्याशास्त्र, समाजशास्त्र या विभागांना व राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना सहज शक्य आहे. अशा चार-पाच वर्षांच्या नोंदी महापालिकेपुढे ठेवल्यास चर्चा बेशिस्तीकडून रचनेकडे वळविता येईल. जो छेद आज उपलब्ध नाही तो मिळविण्याचा हा सर्वांत कमी खर्चाचा मार्ग आहे, आणि त्याची सुरुवात येत्या शैक्षणिक सत्रापासून करता येण्याजोगी आहे.